रेव्हनहोममधली रात्र

श्रोतेहो, भुताच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकलेल्या आहेत. विहिरीवरच्या, चिंचेखालच्या, वेशीबाहेरच्या ओढ्यावरच्या. त्या गोष्टींत एक सोय असते. सांगणारा आपल्याजवळ बसलेला असतो, आणि ओढ्यावर जायचं असतं ते दुसऱ्याच कुणाला तरी. मी आज ज्या गावाची हकीकत सांगणार आहे, तिथं मात्र स्वतःच जावं लागतं. गावाचं नाव रेव्हनहोम. नकाशात शोधू नका. ते आहे कॉम्प्युटरवरच्या एका खेळात. त्या गावातून बाहेर पडायला मला, एका निवृत्त विज्ञान शिक्षकाला, अकरा रात्री लागल्या.

खेळाचं नाव हाफ-लाइफ २. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातील व्हॉल्व्ह या कंपनीने तो १६ नोव्हेंबर २००४ रोजी बाहेर काढला. हाफ-लाइफ म्हणजे अर्धायुकाल, किरणोत्सारी पदार्थाचे निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ. हा धडा मी वर्गात किती वेळा घेतला असेल याची मोजदाद नाही. खेळाचा नायक गॉर्डन फ्रीमन हा भौतिकशास्त्राचा डॉक्टर आहे. साऱ्या खेळात तो एक शब्द बोलत नाही. आपल्याला तो दिसतही नाही, कारण आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहत असतो. अशा खेळांना फर्स्ट-पर्सन शूटर म्हणतात. नेमबाजीचे खेळ म्हणा. तिकडच्या नियमाप्रमाणे हा सतरा वर्षांवरच्यांसाठी आहे, आणि तो नियम मला योग्य वाटतो. लहान पोरांना याच्याजवळ नेऊ नये.

आता मी या भानगडीत कसा पडलो ते सांगतो. २००६ साली माझा मुलगा बारावीला होता. तेव्हा खेडोपाडी भारनियमन जोरात होतं. दिवसा वीज नसायचीच, म्हणून तो रात्री कॉम्प्युटर लावून बसे. एकदा दोनच्या सुमारास मला जाग आली. पाहतो तर हा अंधारात कानाला हेडफोन लावून बसलेला, अंगाला घाम, आणि हात थरथरतोय. मी काही विचारलं नाही. बटण दाबून मशीन बंद केलं. सकाळी खेळाची तबकडी मोडून उकिरड्यावर टाकली. तो एवढंच म्हणाला, "अप्पा, त्या गावातून बाहेर पडायला थोडंच राहिलं होतं." "कसलं गाव?" मी विचारलं, आणि उत्तर न ऐकता सायकल काढून शाळेला गेलो.

पोरगा शिकला, पुण्याला नोकरीला लागला. फोन होत असे, पण पाऊसपाणी, माझा गुडघा आणि गॅसचं सिलिंडर यापलीकडे बोलणं जात नसे. २०२४ च्या दिवाळीत तो आपला जुना लॅपटॉप मला देऊन गेला. पुढं नोव्हेंबरात, खेळाला वीस वर्षं झाली म्हणून, कंपनीने तो चार दिवस फुकट दिला. बातमी वाचली आणि ते नाव मी ओळखलं. शेजारच्या कॉलेजकुमाराला हाताशी धरून खेळ उतरवून घेतला. मुलाला मात्र कळवलं नाही.

पहिले पाच भाग कसेबसे पार केले. सहावा भाग रेव्हनहोमचा. हे खाणकामगारांचं गाव. परग्रहावरच्या शत्रूने पृथ्वी व्यापलेली असते, आणि त्याच्या जाचातून पळालेली माणसं इथं आसऱ्याला राहतात. शत्रूला पत्ता लागतो. तो गावावर तोफगोळे टाकतो. गोळ्यांत दारूच्या ऐवजी खेकड्यासारखे जीव भरलेले असतात. ते माणसाच्या डोक्यावर झेप घेतात, कवटीला चिकटतात, आणि त्या माणसाचं चालतं मढं करून टाकतात. सगळं गाव असं गेलं. उरला एकटा पाद्री, फादर ग्रिगोरी. हातात बंदूक, डोकं थोडं फिरलेलं. त्या चालत्या मढ्यांना तो अजूनही आपला कळप म्हणतो, आणि गावभर सापळे लावून त्यांना एकेक करून मुक्ती देत असतो.

शिक्षक बंधुभगिनींनी इथं जरा लक्ष द्यावं. गावात शिरताना आपल्याकडे गोळ्या थोड्या असतात. पण नुकतंच एक नवं यंत्र मिळालेलं असतं. ते दूरची वस्तू ओढून घेतं आणि जोराने फेकतं. आता या यंत्राने लढायचं कसं? कुणी सांगत नाही. एका पडक्या घरात शिरलो. भिंतीत लाकूड कापायच्या गोल करवतीचं पातं रुतलेलं, आणि त्याच्याजवळ कमरेत कापलेलं एक मढं. दारात अशीच आणखी पाती रुतलेली, वाट अडवून. पुढं जायला पातं ओढून काढलंच पाहिजे. मी ओढलं, आणि त्याच क्षणी समोरून एक मढं चालत आलं. घाबरून माझं बोट दाबलं गेलं. पातं सुटलं, आणि मढ्याचे दोन तुकडे! फळा नाही, खडू नाही, एक वाक्यही नाही, आणि धडा जन्मात विसरायचा नाही. असा एक पाठ घ्यायला मी आयुष्यभर धडपडलो, मंडळी. त्या रात्री मला त्या अनोळखी अमेरिकन मंडळींचा जरा हेवाच वाटला.

पण धडा कळला म्हणून भीती जात नाही. पुढं वेगळीच जात भेटते. कातडी सोलल्यासारखी, हडकुळी, धावणारी. ती आधी दिसत नाहीत. दूर छपरांवर किंकाळी उठते, मग दुसरी, मग पत्र्याच्या पन्हळीवर खडखड, खडखड. म्हणजे कुणीतरी पाइप धरून वर येतंय. आणखी एक जात आहे, ती काळे विषारी खेकडे पाठीवर वागवते आणि आपल्या अंगावर फेकते. त्यातला एक चावला की शंभरातली ताकद एकावर येते. अंगातल्या सूटमधलं औषध ती हळूहळू परत चढवतं, पण तेवढ्या वेळात कुणी नुसतं बोट लावलं तरी कारभार आटोपला.

पाचव्या रात्री मी शहाणपणा केला. भीती वाटते ती आवाजाने, मग आवाजच बंद करू. बंद केला, आणि पाच मिनिटांत तीनदा मेलो. मागून काय येतंय हेच कळेना. दिवा गेला होता, घरात एकटा, बाहेर कुत्री रडत होती. शेवटी लाज सोडून मुलाला फोन लावला. साडेदहा वाजले असतील.

"अप्पा, काय झालं? बरं आहे ना?"

"बरं आहे. मी त्या छपरावर अडकलोय. पाइपवरून चढतात बघ, तिथं."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं, फोन कटला. मग तो म्हणाला, "रेव्हनहोमला?"

"हो."

"हेडफोन लावा. बघू नका, ऐका. खडखड कुठल्या बाजूला होते तिकडे वळा, आणि डोकं वर आलं की मारा. तिथून जाऊ नका. पाद्री पलीकडून पाळणा पाठवतो, तोवर थांबायचं."

तसं केलं. डावीकडे खडखड, डावीकडे वळलो. उजवीकडे खडखड, उजवीकडे. पाळणा आला. जो आवाज मला मारत होता, तोच मला वाट दाखवत होता. मुलगा फोनवर होताच. तो मध्येच म्हणाला, "त्या मढ्यांचा आवाज उलटा वाजवला तर काय ऐकू येतं माहीत आहे? माणूस देवाला हाका मारतोय, वाचव म्हणून." खेळातले आवाज आणि संगीत केली बेली नावाच्या गृहस्थांनी केलेलं आहे. त्या रात्रीनंतर मी कुठलंही मढं सहज मारलं नाही. मारलं, पण सहज नाही.

आणखी एक गोष्ट मुलानेच सांगितली, आणि ती रेडिओ ऐकणाऱ्यांना आवडेल. फादर ग्रिगोरीला ज्यांनी आवाज दिला ते जिम फ्रेंच, सिअॅटल शहरातले जुने रेडिओवाले. नभोनाट्यं लिहिणं आणि बसवणं हेच त्यांनी वर्षानुवर्षं केलं. २०१७ साली ते वारले. या माणसाचं हसणं अंधारात छपरावरून आलं की धीरही येतो आणि काटाही. नुसत्या आवाजाने दोन्ही करायचं, हे रेडिओवाल्याचंच काम.

त्यानंतर रोज रात्री फोन ठरलेला. कधी खेळाचं बोलणं दोन मिनिटं व्हायचं आणि पुढं तासभर दुसरंच निघायचं. एकदा मी तबकडीचा विषय काढला. तो म्हणाला, "अप्पा, जाऊ द्या." मी जाऊ दिलं नाही, चुकलो म्हटलं. त्याने लगेच विचारलं, "कब्रस्तानापर्यंत पोचलात का?"

अकराव्या रात्री पोचलो. पाद्री बरोबर होता. त्याने फाटक उघडून मला बाहेर काढलं, आणि स्वतः मागे राहिला. आगीच्या पलीकडे हसत हसत तो दिसेनासा झाला. त्याचं पुढं काय झालं, ते खेळात कुठं सांगितलेलं नाही. नंतर खाण. खोल विहीर, तळाशी वळवळणारे खेकडे. ते सगळं ओलांडून मी वर आलो तर समोर उजेड! आगगाडीचे रूळ आणि फटफटलेलं आकाश.

फोन लावला. "निघालो रे बाबा गावातून."

"उजाडलं का?"

"उजाडलं."

"मग अप्पा, एकदम बाहेर पडू नका. समोरच्या खिडकीत बंदूकवाला बसलेला असतो."

त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत मी बाहेर पडलो होतो.