पहिलाच गुन्हा असेल तर ‘कबूल’ म्हणण्याआधी
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



मोळी आणताना, घरासाठी वासा तोडताना फारेस्टवाले आपल्याला पकडतात. केस कोर्टात जाते. बाहेर कुणीतरी सांगतो, “कबूल म्हण, दंड भर, मोकळा हो.” तारखेला रोज बुडतो, एसटीला पैसे जातात. म्हणून आपला माणूस ‘कबूल’ म्हणतो. दंड भरला की संपलं, असं त्याला वाटतं. पण कागदावर तो शिक्षा झालेला माणूस होतो. पुढं पोरगा भरतीला गेला की तोच कागद आडवा येतो.

यावर एक कायदा आहे, १९५८ सालचा. कोर्टात त्याला ‘प्रोबेशन’ म्हणतात. त्यातली चार कलमं ध्यानात ठेवा.

कलम ३ : आधी शिक्षा झालेली नाही आणि गुन्हा साध्या चोरीचा किंवा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा आहे, तर कोर्ट समज देऊन सोडू शकतं. कैद नाही, दंड नाही. १९२७ च्या जंगल कायद्यातले लाकूडफाट्याचे गुन्हे यात बसतात.

कलम ४ : चांगल्या वागणुकीचा बाँड घेऊन सोडता येतं. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. जामीनदार पाहिजेच असं नाही.

कलम ६ : वय २१ च्या आत असेल तर प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल बघितल्याशिवाय कैद देता येत नाही. दिलीच तर कोर्टाला कारण लिहावं लागतं.

कलम १२ : कलम ३ किंवा ४ खाली सुटलेल्या माणसाला, शिक्षा झाल्यामुळं कायद्यानं येणारी अपात्रता लागत नाही. पोरांसाठी हे सगळ्यात मोठं. पण फॉर्ममध्ये केस झाली का असं विचारलं, तर लपवू नका. खरं लिहा आणि ऑर्डरची नक्कल जोडा.

कोर्ट हे आपणहून देईलच असं नाही. मागावं लागतं. “साहेब, माझा पहिलाच गुन्हा आहे, मला प्रोबेशनचा फायदा द्या,” असं सांगायचं. वकिलाला पैसे नसतील तर १९८७ च्या कायद्यानं आदिवासीला मोफत वकील मिळतो. पहिल्या तारखेलाच अर्ज करा.

आता सावध राहायच्या तीन गोष्टी. एक, प्रोबेशन म्हणजे निर्दोष नव्हे. कोर्ट आधी दोषी ठरवतं, मग सोडतं. म्हणून केस खोटी असेल तर कबूल म्हणायचंच नाही, लढायचं. दुसरी, बाँड मोडला तर मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते. प्लॉटची किंवा मोर्चाची केस असेल तर त्या मुदतीत आपल्याला पुन्हा रस्त्यावर यायचंच आहे. तेव्हा सही करण्याआधी संघटनेत बसून बोला. तिसरी, अभयारण्यातल्या शिकारीला ही सवलत नाही. (अठरा वर्षांखालच्या पोराची गोष्ट वेगळी.)

आणि गार्डानं जागेवर पैसे मागितले तर पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. जंगल कायद्याच्या कलम ६८ प्रमाणं अधिकार असलेला अधिकारी भरपाई घेऊन केस मिटवू शकतो. तशी मिटली तर शिक्षा लागत नाही. पण पावती नसेल तर ती भरपाई नव्हे, लाच झाली.

चुलीपुरतं लाकूड आणणं आपल्या लेखी गुन्हा नाहीच. जंगलावरच्या हक्काची लढाई चालूच राहील. तोवर एकाही पोराच्या नावावर फुकटची शिक्षा चढू द्यायची नाही. प्रत्येक पाड्यात दोघांनी तरी ही चार कलमं पाठ करा, आणि तारखेला आपल्या माणसाला एकट्याला पाठवू नका.

आदिवासी एकजुटीचा विजय असो!