पुढारी निवडतांना फेरमत
(वाडीच्या सभेंत वाचलेलें भाषण)

एका जागेला पांच जण उभे राहिले म्हणजे मतें फुटतात, आणि शंभरांत तीस मतें मिळविणारा बाकीच्या सत्तरांच्या डोक्यावर बसतो. याला तोड काय, तें आम्ही अमेरिकेंत घडलेल्या एका गोष्टीवरून सांगतों.

१८६० सालच्या मे महिन्यांत शिकागो शहरीं रिपब्लिकन पक्षाची सभा भरली. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवावयाचा होता. नियम असा कीं, निम्म्याहून अधिक, म्हणजे २३३ मतें पडल्याशिवाय निवड नाहीं. तोंपर्यंत पुन्हा पुन्हा मत घ्यावयाचें. सर्वांत वजनदार इसम न्यूयॉर्कचे सेवर्ड. इलिनॉयचे लिंकन हे शेतकरी-सुताराचे पुत्र; त्यांची सारी शाळा मिळून वर्षभरहि झाली नव्हती. (हें आम्हां मास्तरांनीं फार मोठ्यानें सांगूं नये !)

पहिल्या फेरींत सेवर्ड यांना १७३॥ व लिंकन यांना १०२ मतें पडलीं. आपल्याकडे असतें तर तेथेंच हारतुरे निघाले असते. दुसऱ्या फेरींत, आपला कॅमेरॉन निवडून येत नाहीं हें पाहून पेनसिल्व्हानियाच्या लोकांनीं बहुतेक मतें लिंकनकडे वळविलीं. सेवर्ड १८४॥, लिंकन १८१. तिसरींत लिंकन २३१॥ ! दीडच मत कमी. इतक्यांत ओहायोचा एक प्रतिनिधि उठला व आपल्या प्रांताचीं चार मतें बदलल्याचें त्यानें जाहीर केलें.

सेवर्डांचे चाहते पुष्कळ, तसे ते नकोत म्हणणारेहि पुष्कळ. लिंकन हे थोड्यांची पहिली पसंती, पण पुष्कळांची दुसरी. एका फेरींत हें कळलेंच नसतें.

तेथें सारें सोंवळें होतें असें मात्र नाहीं. लिंकनच्या माणसांनीं जादा तिकिटें छापून सभागृह आपल्या ओरडणाऱ्यांनीं भरलें होतें. पदांचे वायदे झाल्याचेंहि बोलतात. फेरमतानें लबाडी जात नाहीं. पण हरलेले रुसून घरीं बसले नाहींत. सेवर्ड लिंकनच्या प्रचाराला फिरले. पुढें सेवर्ड, चेस, बेट्स व कॅमेरॉन हे चारी प्रतिस्पर्धी त्यांच्याच मंत्रिमंडळांत आले. ज्या अमेरिकन लोकांनीं गुलामांना मोकळें केलें, त्यांनाच जोतीरावांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ पुस्तक अर्पण केलें.

आतां पंचायतीसाठीं आपल्या वाडींतून पांच नांवें आलीं आहेत, आणि पाठवावयाचें एक. शिकागोस कोणाला सक्तीनें गाळीत नसत. आम्ही सुचवितों कीं, कोणालाच निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या न पडल्यास सर्वांत कमीवाला गळावा व पुन्हा चिठ्ठ्या टाकाव्या. गळलेल्यानें अपक्ष उभें राहूं नये, हेंहि आधींच कबूल करावें. चिठ्ठ्या कापून तयार आहेत. नियम मान्य असल्यास हात वर करा, बायांनींहि करावा.