बेरी पुलाव आणि आपली करवंदं



प्रवासातलं काहीतरी सांग म्हणालात, म्हणून सांगते. कंपनीच्या कामाला बंगळुरूहून मुंबईत आले होते. सहकाऱ्यांना बॅलार्ड इस्टेटमधल्या 'ब्रिटानिया'त जेवायचं होतं. १९२३ सालचं इराणी हॉटेल. उंच छत, जुन्या लाकडी खुर्च्या, बाहेर साहेबाच्या काळातल्या दगडी इमारती. बेरी पुलावातली लाल, आंबट बेरी इराणची. मला तर आपलं करवंदच आठवलं; टेबलावर कुणाला करवंद माहीत नव्हतं!

सगळे फोटो काढत 'काय तो जुना काळ' म्हणत होते. मी म्हटलं, इराणी म्हटलं की आम्हा डहाणूकडच्यांना हॉटेलाआधी चिकूची वाडी आठवते. इराणहून आलेल्या कुटुंबांनी आमच्याकडे चिकूच्या बागा वाढवल्या. २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमानच आहे. पण त्याच जुन्या काळात आमच्या तालुक्यात वारली माणूस जमीनदारांकडे वेठीला राबत होता. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या साथीने त्याने ती वेठ झुगारली. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या आज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलंय. 'तो काळ किती छान होता' असं त्यांच्यासमोर म्हणून दाखवा!

"मग इथे जेवायचंच नाही का?" एकाने विचारलं.

जेवायचं की! पुलाव फक्कडच होता. मी दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि सगळ्यांना कासाचं आमंत्रण दिलं. मे महिन्यात येतायत, करवंदं खायला.