ढोकरी बगळा आणि शाळेपुढील चिंच



अमरावतीचा वडाळी तलाव असो, अकोला जिल्ह्यातील महानचा काटेपूर्णा जलाशय असो, की गावाबाहेरचे साधे डबके असो. काठावर मान आखडून निश्चल बसलेला ढोकरी बगळा तेथे आढळतोच. पुस्तकांत त्यास वंचक म्हणतात आणि ते नाव यथार्थ आहे. सुमारे दीड फूट लांबीचा त्याचा मातकट, रेघाळ देह चिखलाशी एकरूप होतो. माणूस जवळ येताच तो उडतो आणि एकाएकी शुभ्र पंख उघडतात. दूरच्या गालापागोस बेटांवरील बगळाही असाच तेथील काळ्या लाव्हा-खडकांच्या रंगाचा असतो. परिसराशी जुळणारा रंग हेच शिकारी पक्ष्याचे साधन, हा बोध येथे सहज देता येतो.

पावसाळ्याच्या आरंभी त्याचे रूप पालटते. पाठ गडद किरमिजी, मान पिवळसर होते व डोक्यावर लांब पांढरे तुरे येतात. मुलांना हा निराळाच पक्षी वाटतो. तो भ्रम शिक्षकाने दूर करावा.

विणीचा हंगाम साधारणतः जून ते सप्टेंबर. त्या काळी डबकी भरतात. बेडूक, मासे व किडे यांची पिलांसाठी वाण पडत नाही. वड, पिंपळ, चिंच अशा मोठ्या झाडांवर अनेक जोड्या एकत्र काटक्यांची घरटी बांधतात. मादी फिकट निळसर-हिरवी 3 ते 5 अंडी घालते. नर व मादी दोघेही ती उबवितात आणि पिलांना भरवितात. सुमारे 24 दिवसांत पिले बाहेर येतात.

नेमक्या याच दिवसांत शाळा उघडलेल्या असतात. झाडाखाली विष्ठा साचते, दुर्गंधी सुटते आणि फांद्या छाटण्याची मागणी होते. परंतु तेव्हा पडणारी एक फांदी कित्येक घरट्यांचा नाश करते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी नष्ट करणे हा गुन्हा आहे.

यास्तव मुलांची बैठक व पिण्याचे पाणी त्या झाडापासून दूर न्यावे, जागा वरचेवर झाडून घ्यावी आणि छाटणी पिले उडून जाईपर्यंत लांबवावी. ग्रामस्थांना हे समजावून सांगण्यास शिक्षकाएवढा अधिकारी पुरुष वा स्त्री गावात दुसरी नाही. मुलांनी दगड न मारता दुरून पाहावे व घरटी, पिले, पालकांच्या फेऱ्या यांची दैनिक नोंद ठेवावी. ज्या मुलाने एक घरटे शेवटपर्यंत पाहिले, तो पुढे त्या झाडावर कुऱ्हाड चालवू देणार नाही.