‘बाय’ : एका छोट्या इंग्रजी शब्दाचा मोठा व्याप

नामाच्या आधी येऊन त्याचा वाक्यातील इतर शब्दांशी संबंध दाखविणाऱ्या शब्दाला इंग्रजीत ‘प्रिपोझिशन’ म्हणतात. मराठीत हे काम नामाला मागून जोडले जाणारे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात. अशा इंग्रजी शब्दांपैकी ‘बाय’ हा मराठी व्यवहारात इतका रुळला आहे की दहा बाय बाराची खोली, हॉटेलातले वन बाय टू सूप किंवा बाय हँड पाठविलेले पत्र यांत कोणालाही परकेपणा जाणवत नाही.

‘जवळ’ किंवा ‘शेजारी’ हा या शब्दाचा जुना अर्थ असून जर्मन भाषेतील ‘बाय’ हा त्याचा सगोत्र शब्द होय. खिडकीपाशी बसण्याला ‘बाय द विंडो’ म्हणतात, त्यात तो अर्थ आजही टिकून आहे. पुढे साधन, परिमाण, मुदत आणि कर्मणी प्रयोगातील कर्ता हे संबंधही तो दाखवू लागला. मात्र १६११ सालच्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात अशा कर्त्यासाठी अनेकदा ‘ऑफ’ योजलेला आढळतो.

मराठी भाषकाची अडचण होते ती एका प्रत्ययाच्या जागी दोन इंग्रजी शब्दांतून निवड करावी लागते तेव्हा. ‘बसने आला’ आणि ‘सुरीने कापले’ या दोन्ही ठिकाणी मराठीत ‘ने’ हाच प्रत्यय चालतो. इंग्रजीत वाहनासाठी ‘बाय’, तर हातातील हत्यारासाठी ‘विथ’ लागतो. पन्नास रुपयांची वस्तू साठ रुपयांची झाली, तर भाव दहा रुपयांनी वाढला हे सांगण्यास ‘बाय टेन’ आणि तो साठावर गेला हे सांगण्यास ‘टू सिक्स्टी’ म्हणावे लागते. ‘पर्यंत’ या अव्ययाचे तर सरळ दोन भाग पडतात : ‘सोमवारपर्यंत पुस्तक परत करा’ यात क्रिया एकदाच आणि मुदतीच्या आत घडायची असल्याने ‘बाय मंडे’ योग्य ठरते, तर ‘सोमवारपर्यंत पुस्तक ठेवा’ यात क्रिया तोवर चालू राहायची असल्याने ‘टिल मंडे’ म्हणावे लागते.

म्हणून शिकणाऱ्यांनी ‘बाय म्हणजे ने’ असे समीकरण पाठ करण्याऐवजी वाक्यातील संबंध साधनाचा, फरकाचा की मुदतीचा हे आधी ठरवावे आणि मगच शब्द निवडावा.