प्रायश्चित्त : हजाराचे बाराशे

आजचा विषय लांबचा वाटेल : प्राचीन इस्रायलमधले प्रायश्चित्ताचे बळी. पण मी पडलो महाडचा, त्यामुळे सुरुवात चवदार तळ्यापासून.

20 मार्च 1927. बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची माणसं तळ्याचं पाणी प्यायली. त्यांच्यातल्या अनेकांना मारहाण झाली. नंतर गावातल्या सवर्णांनी 108 घागरी पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' केलं. म्हणजे अपराध मारणाऱ्यांचा, आणि धुतलं काय, तर पाणी!

आता बायबलमधलं 'लेवीय' उघडा. पहिल्यांदा तिथेही तसंच दिसतं. 'हत्तात' नावाच्या बळीचं रक्त पाप करणाऱ्याच्या अंगाला लावतच नाहीत, वेदीच्या शिंगांना लावतात. जेकब मिलग्रोम या अभ्यासकाचं म्हणणं असं, की पापाचा मळ देवाच्या घरावर साचतो, घर फार मळलं तर देव तिथे राहत नाही, आणि रक्त हे ते धुण्याचं साधन. तेव्हा 'देवाला रक्ताची भूक होती' हा समज जरा बाजूला ठेवू. वर्षातून एकदा महायाजक अगदी आतल्या खोलीत जाऊन रक्त शिंपडायचा. मग दुसऱ्या, जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्यांची पापं बोलून दाखवायचा आणि त्याला रानात सोडलं जायचं. गरिबाला साध्या पापासाठी दोन पारवे चालायचे, तेही परवडत नसतील तर थोडं पीठ. (बाळंतिणीलाही हत्तात द्यावा लागे. तिने काय पाप केलं? हा भाग मला अजून पचलेला नाही.)

मग घागरींपेक्षा यात वेगळं काय? ते दुसऱ्या बळीत आहे, 'आशाम'मध्ये. कुणाला लुबाडलं, कुणाची ठेव दाबली आणि वर खोटी शपथ घेतली, तर नुसता मेंढा आणून भागत नाही. ज्याचं त्याला परत द्यायचं, वर पाचवा हिस्सा. हजाराचे बाराशे.

इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि बळी थांबले. प्रायश्चित्ताचा दिवस मात्र राहिला. आपल्याच रायगडात तेल गाळणारे बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनवार तेली', तो दिवस 'दारफाळणीचा सण' म्हणून पाळायचे. उपास, पांढरे कपडे, दारं लावून घरात. बकरा नाही, वेदी नाही. आणि ज्यू धर्मशास्त्राचा नियम असा, की माणसाचा अपराध केला असेल तर त्याची समजूत काढल्याशिवाय या दिवसाचाही उपयोग नाही.

इथे मी वाचता वाचता अडकलो. दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी मी लाइव्ह डेटाबेसवर चुकीची क्वेरी चालवली. ठपका टीममधल्या नव्या मुलावर आला. मी गप्प बसलो. रविवारी घरी आलो, वीरेश्वराला नारळ फोडला, हलकं वाटलं. तो मुलगा त्या वर्षी प्रमोशनमधून राहिला.

म्हणजे मीही तळंच धुतलं होतं.

हा एपिसोड रेकॉर्ड करण्याआधी तेव्हाच्या मॅनेजरला सगळं लिहून मेल केला. मग त्या मुलाला फोन लावला. मला वाटलं, तो विसरला असेल. त्याला तारीख पाठ होती. पाचवा हिस्सा म्हणजे नक्की काय द्यायचं, ते आता त्याच्याशीच बोलून ठरवतोय.