मातेच्या हाती पाच शिलिंग

१९३१ नंतर ब्रिटनमध्ये बेकार कामगाराच्या घरी सरकारी तपासनीस येऊन चीजवस्तूंची व मिळवत्या मुलांच्या कमाईची कसून चौकशी करीत, आणि मगच तुटपुंजी मदत मंजूर होई. शेजाऱ्यांदेखत होणारी आईबापांची ही मानहानी मला उपासमारीहून कमी क्रूर वाटत नाही. पार्लमेंटच्या सभासद एलिनॉर रॅथबोन यांनी मात्र अपत्यसंगोपनाचा भत्ता हा मातेचा हक्क मानला, आणि १९४५ च्या कायद्याच्या मसुद्यात पित्याच्या नावे असलेली रक्कम त्यांच्याच आग्रहामुळे मातेस मिळाली. पहिले अपत्य वगळून प्रत्येकामागे आठवड्यास पाच शिलिंग, तेही गरीब-श्रीमंत हा भेद न करता मिळू लागल्याने, टपालकचेरीत भत्ता घेणारी स्त्री गरजू आहे की सधन, हे कोणास ओळखता येईना.